डावा हात

दुखलं तर डावा हात वर करा,
हे मी प्रत्येकालाच सांगते.
धैर्यशील इंगळ्यांनाही अकरा वर्षं सांगत आले
आणि अकरा वर्षं तो हात
खुर्चीच्या दांडीवर पडून राहिला,
दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा.

दांडिया बाजारात पहिल्या मजल्यावर माझा दवाखाना,
खाली लीला चिवडा तळतात.
ड्रिल थांबलं की जिन्यातून कढई ऐकू येते.
इंजेक्शन नको, म्हणायचे सर,
सुईचे पैसे कशाला, डॉक्टरबेन?
दोन दाढा, एक रूट कॅनाल,
एकदा तर मुळाचा तुकडा हाडात अडकलेला,
आणि हे छताकडे बघत
पोरांच्या उद्याच्या मलखांबाचा क्रम लावत होते.
त्याच संध्याकाळी सेव-उसळ खाल्ली म्हणे,
वर जास्तीची तर्री.

घाबरट पेशंटांना मी
त्यांचं उदाहरण द्यायचे.

मार्चमध्ये आखाड्याच्या ओट्यावर कुणी तपासणी शिबिर भरवलं.
पोरसवदा डॉक्टरनं दंडाला पट्टा बांधला,
आकडा बघितला,
पट्टा सोडून पुन्हा बांधला.
वरचा एकशे अठ्ठ्याण्णव.
खालचा सर सांगत नाहीत, विसरलो म्हणतात.

आता सकाळी एक पांढरी गोळी,
रात्री एक गुलाबी, अर्धी.
सहा आठवड्यांत आकडा उतरला
आणि दाढेत कळ चढली.

हात वर गेला.
मी ड्रिल थांबवलं.
आम्ही दोघंही त्या हाताकडे बघत राहिलो.
खाली कढई.

या गोळ्यांनी मला मऊ केलं, डॉक्टरबेन.
परवा दारात बोट सापडलं
तर मी चक्क आई गं म्हणालो.
सून धावत आली,
तिला वाटलं, घरात दुसरंच कुणीतरी आलंय.
बंद करतो मी त्या.

तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, म्हटलं,
आणि जे अर्धवट वाचलंय ते अर्धवटच सांगितलं:
जबड्याच्या कोनाखाली, इथं
(हातमोज्यातलं माझं बोट त्यांच्या मानेवर),
धमनीच्या भिंतीत रक्ताचा जोर मोजणारं काहीतरी असतं.
जोर वाढला की ते वर निरोप धाडतं, सबुरीनं घे,
आणि त्या सबुरीत म्हणे
दुखण्याचंही तोंड दाबलं जातं.
दाब उतरला की, कदाचित...
सगळ्यांचं होतं असं नाही.
काही गोळ्या उलट दुखणं कमीही करतात.
आणि कीडही या वेळी खोल आहे, सर.
मी दातांची डॉक्टर, नक्की नाही सांगता यायचं.

माझं बोट मानेवर तसंच राहू देत
ते बराच वेळ गप्प.
किती वर्षं असेल हे? वीस? तीस?
कुणी मोजलंच नाही, म्हटलं, तर कसं कळणार?

मोजत तर मी होतो, सर म्हणाले.
पोरांना पाय फाकवून बसवायचो,
त्यांच्या गुडघ्यावर माझा गुडघा,
पन्नासपर्यंत आकडे.
रडलं कुणी की, नाटकं करू नको.
आधी स्वतःवर करून बघायचो ना मी,
मला काहीच व्हायचं नाही.
सोळंकींचा भाविन पस्तिसाला ओरडला होता.
मी पन्नास पुरे केले.

गालात कापसाचा बोळा होता,
पन्नास त्यांना नीट म्हणता आलं नाही.

मी सिरिंज भरली.
त्यांनी सुईकडे नवख्यासारखं पाहिलं
आणि नको म्हणाले नाहीत.

पावती घेताना विचारलं, हात डावाच का?
उजवीकडे मी असते, म्हटलं.
धक्का लागतो.

काल खंडेराव मार्केटकडे जाताना
सिग्नलला रिक्षा थांबली ती आखाड्यासमोर.
जाळीतून दिसला तेलकट खांब,
चटईवर पाय ताणून बसलेलं दहाएक वर्षांचं पोर,
शेजारी उकिडवे सर,
अठरा, एकोणीस,
आणि पोराचा डावा हात
हळूहळू वर.

वीस मला ऐकू आलं नाही.
रिक्षा निघाली होती.